पॅसेजमधली सतरंजी: उलटी बाजू आधी बघा



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल की हिला काही काम नाही. विषय आहे घराच्या पॅसेजमध्ये टाकायची लोकरीची लांबट सतरंजी, ज्याला रनर म्हणतात ती. तीही जुनी, वापरलेली, स्वीडनमध्ये हातमागावर विणलेली. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक कॉम्प्युटरमध्ये केलंय, कापडाशी संबंध साडी घेण्यापुरता. तरी या एका पट्टीने माझे सात-आठ महिने खाल्ले. का खाल्ले, ते आधी सांगते.

आम्ही गोथेनबर्गला राहतो, मायुर्ना नावाच्या जुन्या भागात. मी, नवरा आणि अडीच वर्षांचा मुलगा. इथे एका खास प्रकारच्या तीनमजली इमारती आहेत. तळमजला विटांचा किंवा दगडाचा आणि वरचे दोन मजले लाकडाचे. पूर्वी आगीच्या भीतीने लाकडी घरांना दोनच मजले चालायचे, म्हणून खालचा मजला पक्का बांधून वर दोन लाकडी मजले चढवायची पळवाट काढली. लँड्सहोव्दिंगेहूस म्हणतात त्यांना, म्हणजे गव्हर्नरांची घरं, कारण ही परवानगी तेव्हाच्या गव्हर्नरांच्या काळात मिळाली. दिसायला फार गोड. पण लाकडाच्या तुळया आणि त्यावर लाकडी फळ्या. वर कोणी टाच आपटली की खाली ढोल वाजतो.

आणि आमच्याकडे ढोल वाजवणारा आहे. सकाळी सहाला उठतो आणि दार ते किचन, किचन ते दार. एक दिवस दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. सुंदर अक्षरात, अगदी सभ्य भाषेत. खालच्या मजल्यावरच्या आजींनी लिहिलं होतं की बाळाचं धावणं कळतं, लहान मुलं धावणारच, पण मला रोज सहाला जाग येते, काही करता येईल का?

आता यात घाबरण्यासारखं काय? तर आम्ही मालकाकडून भाड्याने राहतो आणि मालकाने त्यासाठी सोसायटीच्या कमिटीची परवानगी घेतलीय. ती ठरावीक मुदतीची. आवाजाची लेखी तक्रार गेली असती तर पुढची परवानगी अवघड होती. गोथेनबर्गला घर मिळणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना विचारा. मुलाची बालवाडी दोन मिनिटांवर. मला ते घर सोडायचं नव्हतं. आणि खरं सांगू का, कोणाची तरी झोप आपल्यामुळे मोडतेय, हे आईने शिकवलेल्या मुलीला सहन होत नाही.

पहिली चूक लगेच केली. त्याच संध्याकाळी ऑनलाइन एक पट्टी मागवली. स्वस्त, 'स्कँडिनेव्हियन डिझाइन', पूर्ण पॉलिएस्टर. आली तेव्हा छान दिसत होती. तिसऱ्या दिवशी नवरा चहाचा कप घेऊन तिच्यासकट घसरला. महिन्याभरात मधोमध चपटी झाली आणि ऑफिसमधून आल्यावर दाराच्या हँडलला हात लावला की चट्‌कन शॉक. ती गेली रिसायकलिंगला.

मग ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, लोकर घे आणि जुनी घे. लोकरीचा तंतू मुळात कुरळा असतो, दाबला की परत वर येतो. त्यावर नैसर्गिक मेणचट थर असतो, त्यामुळे सांडलेलं लगेच आत जात नाही, टिपायला वेळ मिळतो. आणि सत्तर वर्षं वापरूनही जी सतरंजी उभी आहे, तिची परीक्षा आधीच झालेली आहे. आमच्या भाषेत, प्रॉडक्शनमध्ये टेस्ट झालेली.

आता इथे तीन शब्द समजून घ्या, नाहीतर विकणारा काय म्हणतोय ते कळत नाही.

पहिला शब्द रिया. हो, मुलीचं नाव असतं तसंच. ही लांब केसांची, गुबगुबीत. पूर्वी ही पांघरूण म्हणून वापरायचे, केसाळ बाजू खाली, अंगाकडे. कोळी आणि दर्यावर्दी लोक घोंगडीसारखी घ्यायचे. जमिनीवर ती फार नंतर आली. पायाला स्वर्ग, पण उंच असल्यामुळे पॅसेजमधली दारं तिच्यावर अडतात.

दुसरा शब्द रोलाकन. ही सपाट विणीची, म्हणजे आपली सतरंजीच म्हणा. ताणा बहुतेक वेळा जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा, आणि बाणा लोकरीचा. मूळ शब्दाचा अर्थ 'पाठीमागचं कापड'. बाकाच्या मागे भिंतीवर टांगायचे ते. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात याची मोठी परंपरा आहे.

तिसरा शब्द त्रासमत्ता. नावात त्रास असला तरी ही सगळ्यात बिनत्रासाची. जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेली, आपल्या गोधडीची लांबची बहीण. लांबट पट्टीच्या आकारात हीच जास्त मिळते, पण ती बहुतेक सुती असते, लोकरीची नाही.

आम्हाला हवी होती रोलाकन. तिची मोठी नावंही आहेत. मार्ता मोस-फ्येटरस्ट्रोम या बाईंनी १९१९ साली बोस्ताद गावात विणकाम कार्यशाळा काढली. १९४१ मध्ये त्या गेल्या, मग १९४२ पासून बार्ब्रो निल्सन यांनी तिथली कलेची बाजू सांभाळली. त्या सतरंज्यांच्या कडेला सही विणलेली असते. नुसतं 'एमएमएफ' असेल तर मार्ताबाईंच्या हयातीतली, 'एबी एमएमएफ' असेल तर त्यानंतरची. या म्युझियमच्या आणि लिलावाच्या गोष्टी, आपल्या खिशाच्या नाहीत. पण त्या काळात गावोगावी हस्तकलेची मंडळं होती, घरोघरी माग होते आणि बायकांनी स्वतःच्या घरासाठी विणलेल्या, सही नसलेल्या कितीतरी सतरंज्या आहेत. आपण शोधायच्या त्या.

निघण्यापूर्वी माप घ्या. आमचा पॅसेज १०५ सेंटीमीटर रुंद आणि ४ मीटर १० लांब. दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटर जमीन दिसू द्यायची, म्हणजे रुंदी ७० ते ७५. आणि दारापासून पहिला मीटर मोकळा. इथे हिवाळ्यात फुटपाथवर बर्फावरून घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात. ती बुटांना चिकटून घरात येते. बूट इथेही आपल्यासारखेच दारात काढतात, पण ती खडी सतरंजीखाली आणि विणीत गेली तर सँडपेपरसारखी काम करते. म्हणून बुटांची जागा वेगळी, सतरंजी तिथून पुढे. शेवटी, दाराच्या खालची फट मोजा. आमची १२ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे महिन्यात आमच्या भागात मेगालोपिस असतो. लोपिस म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. त्या दिवशी सगळं मायुर्ना अंगणात टेबलं मांडून बसतं. एका अंगणात एका काकांकडे ती दिसली. विटकरी, राखाडी आणि मोहरीच्या रंगाचे चौकट, सत्तर रुंद, तीन मीटर लांब. त्यांच्या आईच्या घरातली. १२०० क्रोनर म्हणाले.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आमचं गाव येवल्यापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे आई पैठणीच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. तिने रंग, नक्षी काही बघितलं नाही. म्हणाली, "पाठ दाखव आधी."

हे का, ते सांगते. हातमागाच्या पैठणीच्या पदरावर एक रंग संपून दुसरा सुरू होतो, तिथे बाण्याचे दोन धागे एकमेकांत अडकवतात आणि आपापल्या दिशेने परत फिरवतात. म्हणून उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. नकली मशीनच्या पदराला मागे सुटे धागे लोंबतात. आणि गंमत बघा, रोलाकनची पद्धतही हीच. रंगाच्या सीमेवर दोन बाणे एकमेकांत अडकवायचे. एकेरी अडकवले तर दोन्ही बाजू सारख्या. दुहेरी अडकवले तर मागे बारीक उभार रेघ येते, बोटाला लागते. दोन्ही अस्सल. ना आई कधी स्वीडनला आली, ना ते काका कधी येवल्याला गेले, आणि तपासायची जागा मात्र एकच.

मी उलटवली. बारीक रेघ होती. मागचे रंग पुढच्यापेक्षा गडद होते, म्हणजे पुढची बाजू वर्षानुवर्षं उन्हात राहिलेली. नवीन सतरंजी जुनी म्हणून विकतात तेव्हा हा फरक सहसा नसतो. 'स्कँडिनेव्हियन' म्हणून मिळणाऱ्या नव्या सतरंज्यांपैकी बऱ्याच आपल्याकडच्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात विणल्या जातात. त्यात वाईट काही नाही, काम उत्तम असतं. फक्त जुन्याचे पैसे देऊन नवीन घेऊ नका.

आता माझी दुसरी चूक. हिच्यावर मी अजून चडफडते.

मी वाचलं होतं की धागा जाळून बघायचा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि काळा मणी उरतो तो बोटाने चुरडता येतो. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. मी काकांना म्हटलं, संध्याकाळपर्यंत ठेवाल का? ते हो म्हणाले. झालरीतला एक सुटा धागा मागून घेतला आणि घरी येऊन सिंकवर चिमट्यात धरून जाळला. कागद जळल्याचा वास आला. भुरभुरीत राख पडली. लोकर नाही! मी नवऱ्याला विजयी मुद्रेने म्हणाले, बघ, वाचलो. काकांना मेसेज टाकला, नको.

दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन खाली आजींकडे गेले, आवाजाबद्दल माफी मागायला. दोन महिने हे टाळत होते. त्यांनी आत बोलावलं, कॉफी ठेवली. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवलेला माग होता. तरुणपणी त्या विणकाम शिकल्या होत्या, पन्नास वर्षं विणत होत्या. मी माझ्या हुशारीची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या, मग हळूच विचारलं, "धागा कुठून घेतलास?"

"झालरीतून."

त्यांनी मागावर अर्धवट असलेलं कापड दाखवलं. उभे ताणलेले धागे हातात धरून म्हणाल्या, "झालर म्हणजे हेच. ताण्याची टोकं. तू लिनन जाळलंस."

मंडळी, लहानपणी आईच्या पदराच्या दशांशी खेळत मोठी झालेय मी. दशा म्हणजे ताण्याचीच टोकं, हे मला माहीत असायला हवं होतं. लिनन निघालं ही तर चांगली खूण होती! चाचणी बरोबर होती, चुकीच्या भागावर केली होती. कामावर हेच कोणी केलं असतं तर मी रिव्ह्यूमध्ये सोलून काढलं असतं. धावत काकांना फोन केला. सतरंजी विकली गेली होती.

लोकर तपासायची असेल तर बाण्याचा, म्हणजे आडव्या विणीतला तंतू हवा. उलट्या बाजूला कुठेतरी गाठीचं सुटं टोक असतं, त्यातला एवढासा. आणि विकणाऱ्याला विचारून.

पण त्या कॉफीचा एक फायदा झाला. आजी म्हणाल्या, पुढच्या वेळी मला ने.

पुढची वेळ आली नोव्हेंबरमध्ये, एका धर्मादाय संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. ७२ सेंटीमीटर रुंद, २ मीटर ९० लांब. निळा, पांढरा, काळपट हिरवा. १४०० क्रोनर. आजींनी ती कशी तपासली, ते क्रमाने सांगते.

आधी जमिनीवर पसरली आणि दोन्ही लांब काठ बोटांत धरून टोकापर्यंत गेल्या. रुंद रोलाकन कापून पट्टी केली असेल तर एका काठाची वीण वळलेली नसते, शिवलेली किंवा चिकटवलेली असते. नक्षीची चौकट तीनच बाजूंना असेल तरी संशय घ्या. मग उलटवून प्रकाशासमोर धरली. कसर लोकर खाते, लिनन खात नाही. त्यामुळे कसर लागलेल्या जागी बाणा गायब आणि ताण्याचे उघडे धागे जाळीसारखे दिसतात. विणीत पांढऱ्या रेशमी नळ्या दिसल्या तर अळी आहे किंवा होती. एका कोपऱ्यात आम्हाला तशी बोटाएवढी जागा सापडली.

नंतर एक कडा दुमडून कानाजवळ नेली. कुरकुर, कडकड आवाज आला तर ताणा ओलाव्याने कुजलाय. ती सतरंजी फुकट दिली तरी घ्यायची नाही. बाणा नव्याने भरता येतो, ताणा गेला की सगळं गेलं. शेवटी पांढरा रुमाल ओला करून गडद निळ्यावर दाबून धरला. रंग उतरला नाही. मग म्हणाल्या, कोपरा मी भरून देईन, घे.

घरी आणल्यावर थेट अंथरली नाही. प्लॅस्टिकमध्ये बांधून एका मित्राच्या आडव्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवली, अळी आणि अंडी मरावीत म्हणून. तुम्ही म्हणाल, स्वीडनमध्ये बाल्कनी आहे की! पण गोथेनबर्ग समुद्राकाठी, इथली थंडी शून्याच्या आसपास घोटाळते. तेवढ्याने कसर मरत नाही.

आता मूळ प्रश्न, आवाज. सतरंजी अंथरली, मुलगा धावला आणि आजींचा निरोप आला: फारसा फरक नाही.

पोटात गोळा आला. मग विचार केला, मोजूया. एका शनिवारी मी खाली आजींच्या खोलीत बसले आणि नवऱ्याने वर मुलाला पळवलं. आधी उघड्या जमिनीवर, मग नुसत्या सतरंजीवर, मग सतरंजीखाली जाड फेल्ट घालून. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. नुसत्या सतरंजीने फक्त टक्‌टक्‌ कमी झाली. फेल्ट घातल्यावर टाचेचा कडक ठोका बोथट झाला, लांबून यावा तसा. गेला नाही हं, बोथट झाला. मी पहिल्यांदाच आमचं धावणं खालून ऐकलं आणि मला त्या चिठ्ठीची सभ्य भाषा आठवून लाज वाटली.

तेव्हा साफ सांगते, आवाजासाठी सपाट सतरंजी एकटी पुरत नाही. खाली फेल्ट हवं, त्याला घसरू न देणारी रबरी बाजू असलेलं, आणि सतरंजीपेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटीमीटर लहान. इथेच तो १२ मिलिमीटरचा आकडा. आम्ही ७ मिलिमीटरचं फेल्ट घेतलं, वर सतरंजी साधारण ३ मिलिमीटरची, आणि दार अजून उघडतं. त्यापुढचं काम वस्तूने होत नाही. सातच्या आधी मुलगा मऊ सपाता घालून किचनमध्ये गाड्या खेळतो, आणि नवरा किंवा मी त्याच्याबरोबर जांभया देत बसतो.

स्वच्छता सोपी आहे. व्हॅक्युम करताना फिरता ब्रश बंद ठेवा, झालरीवर नळी नेऊ नका, दर सहा महिन्यांनी टोकं फिरवा. लॉन्ड्रीच्या मशीनमध्ये चुकूनही नाही, गरम पाण्यात लोकर आटून घट्ट होते आणि सतरंजीचा पापड होतो. जानेवारीत कोरडा भुरभुरीत बर्फ पडला, तेव्हा आजींनी खाली हाक मारली. अंगणात बर्फावर सतरंजी पालथी घातली आणि वेताच्या झोडपणीने पाठीवर झोडपली. उचलली तर पांढऱ्या बर्फावर करड्या धुळीचा लांबट चौकोन! मुलाला इतकं आवडलं की अजून विचारतो, परत कधी?

मार्चमध्ये मालकाने परवानगीसाठी पुन्हा अर्ज केला. कमिटीने शेजाऱ्यांना विचारलं असावं. आजी मला काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. आणखी एका वर्षाची परवानगी आली.

त्यांनी भरून दिलेला कोपरा मूळ निळ्यापेक्षा किंचित फिकट आहे. आईला व्हिडिओवर दाखवला, तर तिने आधी काय म्हणावं? "पाठ दाखव." बघितली, आणि म्हणाली, "हात चांगला आहे बाईंचा. त्यांना सांग."

सांगितलं मी.

तर मंडळी, तुमच्या घरी अशी जुनी सतरंजी, जाजम, घोंगडी काही असेल तर आज उलटवून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.